टीव्हीची खंडेनवमी

माझ्या सासऱ्यांनी आणि नवऱ्यानं एकमेकांशी बोलणं टाकलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त बोलायची पाळी कुणावर आली? माझ्यावर. जेवणाचं टेबल एकच, दोघं समोरासमोर, मधे आमटीचं पातेलं. मामंजी माझ्याकडे बघून म्हणणार, "त्याला सांग, मोटर चालू राहिलीय." हे, म्हणजे माझे यजमान, ताटात नजर घालून म्हणणार, "त्यांना सांग, आत्ताच बंद केली." मग मी बापडी दोन्ही वाक्यं इकडून तिकडं पोचवणार. ऐकू दोघांनाही ठणठणीत येत होतं हो! पण मी पोचवेपर्यंत ते ऐकलं असं धरायचं नाही, असा नियम त्यांनी एकमेकांशी न बोलताच ठरवून टाकला होता. त्या दिवसांत बापलेकांचं एकमत होतं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

माझं माहेर साताऱ्याचं. म्हैसूरला मराठी घर मिळालं म्हणून माझ्या वडिलांना कोण आनंद झाला होता! लग्नानंतर पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या, "अय्यो, कशाला एवढं काम करतीस, सुम्मने बस की," आणि मी तशीच उभी राहिले. सुम्मने म्हणजे काय ते कळेना, आणि विचारायची लाज वाटत होती! सुम्मने म्हणजे उगीच, गप, निवांत, हे मला पुढं कळलं. निवांत बसायला मात्र आजवर मिळालेलं नाही.

घराणं रंगाऱ्यांचं. पिढ्यांमागं कुठल्याशा राजाच्या काळात इकडं आले म्हणतात. कुठला राजा असं विचारलं की घरातला प्रत्येक माणूस वेगळा राजा सांगतो. मी आले तेव्हा मागच्या अंगणात भट्टी होती, भट्टीवर तांब्याचे मोठाले हंडे होते, आणि दोरीवर कायम कुणाच्या तरी ओल्या ओढण्या. गिऱ्हाईक साडीचा कोपरा पुढं करायचं, मामंजी तो उजेडात धरून डोळे बारीक करायचे, आणि संध्याकाळी अस्तर, फॉल, ओढणी सगळं त्याच रंगाचं तयार. मग गावात मॅचिंगची दुकानं झाली. भिंतभर रंगीत कापड आयतं मिळायला लागल्यावर रंगवायला देणार कोण? मामंजी म्हणायचे, "लोकं परत येतील." लोकं काही आली नाहीत. भट्टी आठवड्यातून एकदा पेटायची, तीही मामंजींचं मन राखायला, आणि कधी कधी तर त्यात माझाच जुना दुपट्टा असायचा.

गेल्या उन्हाळ्यात मामंजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यानं आधीपासूनच अंधुक दिसायचं, उजव्यावर आता हिरवी पट्टी. ते आतल्या खोलीत पडून असतानाच ह्यांनी हंडे मोडीत विकून टाकले. बापाला न सांगता! आणि भिंतींच्या रंगाच्या एका दुकानात नोकरी धरली. तिथं रंग मशीन कालवतं आणि माणूस नुसतं बटण दाबतो. मी म्हटलं, अहो, आधी सांगा त्यांना. म्हणाले, सांगतो. ते 'सांगतो' कुठल्या वाटेनं गेलं देव जाणे. पट्टी निघाली, मामंजी काठी टेकत अंगणात गेले, रिकाम्या भट्टीसमोर उभे राहिले, परत आले, हातपाय धुतले, आणि मला म्हणाले, "त्याला सांग, अंगण झाडून घे म्हणावं." हे त्याच खोलीत पेपर वाचत होते. अबोल्याची सुरुवात ती.

पावसाळा त्यातच गेला. गणपती बसले, उठले. आणि एके दिवशी जेवताना मामंजींनी जाहीर केलं की दसऱ्याला जावईबापू येतील, त्यांच्याबरोबर आपण सरगूरला लेकीकडे जाणार. चार दिवस नव्हे, कायमचं. नणंदेचं घर मोठं, शेतीवाडी आहे, तिथं म्हाताऱ्याचे हाल होणार नव्हते. पण ह्या वयात घर सोडून गेलेलं माणूस परत येतं होय? आणि जायचं तेही पोटच्या पोराशी एक शब्द न बोलता? ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला. मला वाटलं, आता तरी बोलतील. तर मला म्हणाले, "त्यांना सांग, डोळ्याचं औषध विसरू नका म्हणावं." कपाळ माझं! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातले हे दोघं.

सासूबाईंना मी बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हीही जाणार?" त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलंय? विचारतील तेव्हा बघू." आणि मटार सोलत बसल्या.

तर अशा दिवसांत आमच्या घरात ते कुटुंब आलं.

माझी लेक घरूनच ऑफिसचं काम करते, म्हणजे हॉलमध्ये बसून दिवसभर लॅपटॉपवर इंग्रजीत चिडते. रात्रीच्या जेवणाआधी डोकं शांत करायला म्हणून तिनं टीव्हीवर एक जुनीपानी अमेरिकन विनोदी मालिका लावली. तिच्या जन्माच्याही आधीची. अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरातलं कृष्णवर्णीय कुटुंब. बापाचं मोडकं फर्निचर दुरुस्त करायचं दुकान, आई नोकरी करून घर ओढणारी, तीन पोरं, सोफ्यात रुतून बसलेली एक म्हातारी, आणि नेमका जेवायच्या वेळी टपकणारा एक शेजारी. सासूबाई लसूण सोलता सोलता बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "ही आपल्याकडचीच माणसं वाटतात की गं! हा तर हुबेहूब तुझ्या सासऱ्यांचा चुलतभाऊ." मामंजी चष्मा लावून पुढं सरकले. निरखून बघितलं. "नाक तेच आहे," म्हणाले.

सासूबाईंची पहिली शंका वेगळीच. "हे हसतंय कोण मधे मधे?"

मी सांगितलं, समोर प्रेक्षक बसलेले असतात, ते हसतात.

"एवढी माणसं रोज ह्यांच्या घरी येऊन बसतात? आणि चहापाणी कोण बघतं?" त्या बाईसाठी सासूबाईंचा जीव तुटायला लागला तो तेव्हापासून. तिची इंग्रजी हाक त्यांच्या जिभेवर बसेना, आणि आमच्या घरात तसंही कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. म्हणून ती झाली वैनी. बाप झाला थोरले, सोफ्यातली ती अज्जी, आणि शेजारी झाला फुकट्या. पोरांची नाती लावण्यात दोन संध्याकाळी गेल्या. धाकटी कुणावर गेली आहे ह्यावर वाद झाला, आणि तो आमच्या नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे माझ्यातर्फे.

"त्याला सांग, ती आजीवर गेलीय."

"त्यांना सांग, आजी बापाकडची आहे का आईकडची ते आधी बघा म्हणावं."

आता मी इंग्रजीची मास्तरीण. कन्नड शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला. तेव्हा मालिकेचं भाषांतर करायचं कामही माझ्याच गळ्यात. म्हणजे मला घरात एकदम दोन नोकऱ्या लागल्या. इंग्रजीचं मराठी करायचं, आणि मराठीचं मराठी करायचं. पहिलं सोपं होतं.

पण एकदा का माणसाच्या हातात भाषांतर आलं की मोह सुटत नाही. वैनी जिन्याखाली उभी राहून हाक मारते, "जेवायला चला." मी भाषांतर केलं, "वैनी म्हणते, म्हाताऱ्या माणसानं हट्ट धरून बसू नये, आणि तरुण माणसानं चूक केली असेल तर तोंड उघडून सांगावं. जेवायला चला."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. "एवढ्याशा वाक्यात एवढं?"

"इंग्रजी भाषा आटोपशीर असते, मामंजी."

लेक उशीत तोंड खुपसून हसत होती. ह्यांनी छताकडं बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी, पण मी काही सोडलं नाही. फुकट्या नुसतं 'थँक्यू' म्हणाला तरी माझ्या तोंडून बापलेकांच्या नात्यावर प्रवचन निघायचं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "हा फुकट्या मोठा ज्ञानी आहे हं. खायला येतो ते चालतंय."

थट्टा बाजूला ठेवू. ती मालिका आम्हाला एवढी का भिडली, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एका भागात त्यांच्या थोरल्या पोराला पोलीस रस्त्यात अडवतात. पोर घरी येतं, कोट काढतं, गप्प ताटावर बसतं. वैनी काही विचारत नाही, वाढत राहते. त्या वेळी ते समोरचे हसणारे लोकही गप्प झाले होते. मी भाषांतर करायचं थांबले.

"त्यानं केलं काय?" मामंजींनी विचारलं.

"काही नाही. काळा आहे, एवढंच."

मग मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. माणसं विकायचे ते, वेगळ्या शाळा, पाणी प्यायचे वेगळे नळ. मामंजी ऐकत राहिले. तेवढ्यात टीव्हीत अज्जी काहीतरी तिरकस बोलली आणि ते सगळं टेबल खो खो हसायला लागलं, तो पोरगासुद्धा.

"एवढं होऊन हसतात?"

"हसतात."

मामंजी बराच वेळ मान हलवत होते. आमच्या घरातून चार हंडे गेले होते. त्या लोकांचं काय काय गेलं ह्याला मोजदाद नाही, आणि त्यांच्याशी बरोबरी करायची मला लाज वाटेल. पण एक मला कळलं. त्या घराच्या दाराबाहेर दुनिया कशीही वागो, दार लावलं की आतली माणसं एकमेकांची टोपी उडवायला मोकळी. भांडतात तर तोंडावर भांडतात. भाग संपला तरी थोरल्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नाही ते नाहीच. काही म्हणता काही सुटलेलं नसतं. फक्त सगळ्यांची जेवणं एका टेबलावर झालेली असतात. घरोघरी मातीच्या चुली असं आपण नुसतं म्हणतो, दुसऱ्याची चूल आपल्याला दाखवतं कोण? ते लोक बिचारे रोज संध्याकाळी दाखवत होते.

आणि आमचे दोघे! मालिकेची वेळ झाली की मामंजी सोफ्याच्या ह्या टोकाला आणि हे त्या टोकाला, मधे आम्ही तिघी. दोघं एकाच जागी हसायचे. हसायला 'त्याला सांग' लागत नसे. मी मधे बसून दोन्हीकडचं हसणं ऐकायची आणि मनात म्हणायची, अरे गाढवांनो, एवढं जमतंय तर बाकीचं का नाही?

असं करत नवरात्र आलं. मामंजींची बॅग भरून त्यांच्या खाटेखाली गेली. जाता येता ती मला दिसायची आणि दर वेळी मी झाडूनं तिला जरा आत ढकलायची, जणू दिसली नाही तर जाणं टळेल.

अष्टमीच्या संध्याकाळी जो भाग लागला त्यात थोरल्यांचा पोरगा पाहुण्यांसमोर बापाला सांगतो की मला तुमचं दुकान नको, मी मोठ्या कारखान्यात नोकरी धरली आहे. भाषांतर करू का नको? मी अगदी शब्दाला शब्द केलं, पदरचं एक अक्षर घातलं नाही. थोरले उठतात. दार उघडून धरतात. पोरगा बाहेर जातो. आणि पडद्यावर अक्षरं येतात, पुढचं पुढच्या भागात.

"आँ?" मामंजी ओरडले. "म्हणजे काय? लाव पुढचा!"

पण तेवढ्यात सोसले गावाहून पाहुणे आले देवीच्या दर्शनाला, आणि हळदीकुंकू, प्रसाद, निरोप ह्यात रात्र झाली. उद्या बघू, असं ठरलं. उद्या म्हणजे खंडेनवमी.

म्हैसुरात त्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत सगळं शेवंतीच्या माळा घालून नटलेलं असतं, आणि रस्त्यात फोडलेल्या कोहळ्यांवरून पाय घसरतो. आमच्या घरी आदल्या दिवशी भट्टी विझायची. हंडे चिंचेनं घासून, पालथे घालून त्यांची पूजा व्हायची. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत आयुधाला हात लावायचा नाही. त्याला आराम. मामंजींच्या वडिलांनी म्हणे ह्या दिवशी आलेलं एका बड्या घरचं लग्नाचं काम दारातून परत पाठवलं होतं. घरात सणाचा सगळ्यात मोठा नियम तोच.

ह्या वर्षी अंगण रिकामं. मामंजी म्हणाले, "मी कशाची पूजा करू?" आणि खोलीत जाऊन बसले. हे सकाळीच दुकानातल्या पूजेला गेले होते. सासूबाई कंबरेवर हात ठेवून अंगणात उभ्या राहिल्या आणि मग एकदम पदर खोचून आत आल्या.

"ह्या घरात नवमीला पूजायला काही नाही असं कधी झालेलं नाही. व्हायचंही नाही."

त्यांनी घर धुंडाळायला सुरुवात केली. विळी आली, शिवणाचं मशीन आलं. लेकीचा लॅपटॉप पाटावर बसला. सगळ्यांचे फोन ओळीनं मांडले. माझाही मांडला. सासूबाईंनी मला कमावती मानल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग, तोही मी रिटायर झाल्यावर. हे परत आले तर त्यांची स्कूटर आणि त्यांचाही फोन ताब्यात घेतला गेला. शेवटी सासूबाई टीव्हीसमोर थांबल्या.

"ह्यानंच तर घर धरून ठेवलंय," म्हणाल्या, आणि टीव्हीला माळ घातली, रिमोटला हळदकुंकू वाहिलं, आणि पडद्याच्या बरोब्बर मधोमध ओल्या कुंकवाचा रुपयाएवढा टिळा लावला. घंटेचा आवाज ऐकून मामंजी बाहेर आले. सगळा थाट बघितला. आरतीला उभे राहिले आणि अक्षता टीव्हीवरही टाकल्या.

चुरमुरे-फुटाणे वाटून झाले, जेवणं झाली, संध्याकाळ झाली. आम्ही सगळे आपापल्या जागी बसलो. लेकीनं रिमोट उचलायला हात पुढं केला.

"हां!" मामंजी कडाडले. "हात लावू नको."

"का, अज्जा?"

"पूजलेलं आयुध आहे ते."

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अय्यो देवा! हे माझ्या लक्षातच आलं नाही."

फोनवर बघावं तर फोन पाटावर. लॅपटॉपवर बघावं तर तोही पाटावर. घरात जिथं जिथं म्हणून ते कुटुंब दिसलं असतं, ते प्रत्येक यंत्र सासूबाईंनी फुलांखाली झोपवलं होतं. आणि उद्या सकाळी जावईबापू येणार. दसऱ्याला दुपारनंतर रस्ते बंद होतात. मिरवणूक, मग बन्नीमंटपाच्या मैदानात मशालींची कवायत, सगळं गाव तिकडं लोटतं. त्यामुळे सकाळी लवकर निघायचं असं ठरलेलं. म्हणजे दुसरा भाग मामंजींना दिसणारच नव्हता. लेक म्हणाली, "अज्जा, एकदाच लावूया, देव काही म्हणणार नाही." पण ज्या नियमापायी बापानं लग्नाचं काम परत पाठवलं, तो हा माणूस टीव्हीपायी मोडणार होय? मोडायची इच्छा मात्र चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

कुणीच उठेना. आम्ही पाच जण बंद टीव्हीसमोर बसून राहिलो. काळ्या पडद्यात आम्हीच दिसत होतो, मधे कुंकू.

शेवटी मामंजी म्हणाले, "तो काही माफ करायचा नाही त्याला. थोरला. का करील? दुकान स्वतःच्या हातानं उभं केलंय."

कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मी 'हं' म्हटलं.

सोफ्याच्या त्या टोकाकडून हे म्हणाले, "पोरगा काय हौसेनं गेला? गिऱ्हाईक येत नव्हतं ते त्याला दिसत नव्हतं?"

"मग बापाला आधी सांगायचं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं बापानं?"

"नसतं ऐकलं. तरी सांगायचं."

मी सवयीनं तोंड उघडलं होतं, पुढचं वाक्य पोचवायला. सासूबाईंनी माझ्या मांडीला असा करकचून चिमटा काढला की डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोघांपैकी कुणीही 'सांग' म्हटलं नव्हतं.

"एवढे जड हंडे," मामंजी टीव्हीकडेच बघत बोलत होते, "एकट्यादुकट्याला उचलत नाहीत. फरशीवरून ओढत नेले असणार."

"अज्जा," लेक म्हणाली, "त्यात हंडे कुठायत? त्यांचं फर्निचरचं—"

मी तिला लाथ मारली. तिलाही कळलं मग.

मग हे म्हणाले, आणि ह्यांचा आवाज मला ओळखू येईना. "तुमच्या डोळ्याला पट्टी होती, अप्पा. म्हटलं, आहे तोवरच नेऊ देत. तुमच्या डोळ्यांदेखत नेणं मला जमलं नसतं."

"डोळे बांधले होते, कान बांधले होते का?" मामंजी म्हणाले. "माझ्या घरातला तांब्याचा आवाज मला कळत नाही? आत पडून एकेक हंडा ऐकला मी. म्हटलं, शेवटचा गेला की येईल हा सांगायला. आत्ता येईल, मग येईल."

"आलो होतो. दारापर्यंत. तुम्ही झोपला होतात."

"झोपलो नव्हतो रे."

सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या, मी चिमट्याच्या जागी हात चोळत रडत होते, लेक आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. आणि ते दोघे? ते टीव्हीकडे बघत होते, अजूनही. पण काळ्या पडद्यात एकमेकांचंच तोंड दिसत होतं त्यांना, हे मी माझ्या जागेवरून बघितलं आहे. मामंजींनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "साकु आता. पानं घे गं." साकु म्हणजे पुरे. आमच्या घरात भांडण संपल्याचा शब्द तोच आहे.

दसऱ्याच्या सकाळी जावईबापू गाडी घेऊन दारात हजर. मामंजींची बॅग हॉलमध्ये आणून ठेवलेली. ती कुणी आणली ते मी विचारलं नाही, माझी हिंमतच होईना. रात्री जेवताना सरगूरचा विषय कुणी काढला नव्हता. उत्तरपूजा झाली, फुलं उतरली, आणि मामंजी म्हणाले, "आधी दुसरा भाग."

जावईबापूंनाही बसवलं. लेक पडद्यावरचं कुंकू पुसायला गेली तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, सणाचं आहे." त्यामुळे त्या भागात जो कोणी पडद्याच्या मधे येई, त्याच्या कपाळाला कुंकू लागत होतं. वैनीला लागलं ते फार शोभलं. फुकट्यालाही लागलं.

आणि भाग? काय सांगू! थोरले दार उघडून बाहेर जातात, पोरगा पायरीवरच बसलेला असतो, दोघं चार वाक्यं बोलतात, अज्जी आतून काहीतरी ओरडते, लोक हसतात, मिठी, संपलं. पुढचा सगळा भाग फुकट्याच्या वाढदिवसाचा.

"एवढ्यात?" मामंजी म्हणाले. त्यांची भयंकर निराशा झाली होती. "कालचा आपला बरा होता."

"बराच," हे म्हणाले.

जावईबापूंनी घड्याळ बघितलं. "निघू या का? मग रस्ते बंद होतील."

मामंजी खिडकीकडे वळले. बाहेर रस्ता स्वच्छ मोकळा. अजून नऊही वाजले नव्हते. "आता बंद झालेच असतील," ते म्हणाले.

जावईबापू शहाणे आहेत. त्यांनीही खिडकीतून बघितलं, तो मोकळा रस्ता नीट निरखला, आणि म्हणाले, "होय, झालेच म्हणायचे," आणि मला विचारलं, नाश्त्याला काय आहे. सासूबाई बॅग उचलून आत घेऊन गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "मला कुणी विचारलं नाही तेच बरं झालं."

मी उपमा वाढत होते तेव्हा मामंजींनी ह्यांना सांगितलं, सरळ, तोंडाकडे बघून, "पूस रे आता ते कुंकू. वाळलंय."

हे स्कूटरच्या डिकीतलं फडकं घेऊन आले. दुकानातलं होतं ते, सगळ्या रंगांनी माखलेलं. मामंजींनी हात पुढं केला. "दाखव." फडकं त्यांनी खिडकीशी नेलं, उजेडात धरलं, आणि डोळे बारीक केले. किती दिवसांनी ते मी बघत होते! हातातला डाव तसाच राहिला माझा.

"हा कुठला?"

"गिऱ्हाईकाला मोरपंखी हवा होता, अप्पा."

"हा मोरपंखी? नीळ जास्त पडलीय." फडकं ह्यांच्या हातात परत देत मामंजी म्हणाले, "मशिनला सांग, हात जरा आखडून घाल म्हणावं."

मी मशिनपर्यंत हा निरोप कसा पोचवायचा ह्याचा खरंच क्षणभर विचार केला. मग लक्षात आलं, हे काम ह्यांचं आहे. माझी ती नोकरी गेली.